मंचावरचे गाव हसण्यापुरतेच का?

जानेवारी-फेब्रुवारी आला की नागपूरच्या महाविद्यालयांत स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. इकडे आपल्या शिवारात तुरीची मळणी चाललेली असते, हरभऱ्याला घाटे भरत असतात, मृग बहाराच्या संत्र्याचे सौदे व्हायला लागतात. तिकडे पोट्टे नाचगाण्याच्या तालमीत असतात. गेल्या हंगामात खापरखेड्याजवळच्या एका गावचे शेतकरी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, पोट्ट्याचा कार्यक्रम आहे कॉलेजात. मले तिथं कोणी वळखत नाही. तुम्ही चला ना जी सोबत."

गेलो. कार्यक्रमाचा विषय होता 'विविधतेत एकता'. आधी पंजाबचा भांगडा झाला, मग गुजरातचा गरबा, बंगालची लाल काठाची साडी, दक्षिणेची लुंगी. प्रत्येक राज्याला दोन-तीन मिनिटे. मग आपला विदर्भ आला. आमच्या शेतकऱ्याचा मुलगा धोतर-मुंडासे घालून, खांद्यावर थर्मोकोलचा नांगर घेऊन आला. नांगर उलटा धरला होता. गावचा माणूस शहरात येतो, सरकत्या जिन्यावर पडतो आणि 'मले-तुले' करत सगळ्यांना रस्ता विचारत फिरतो, असा तो प्रसंग होता. सभागृह हसून हसून लोटपोट झाले. ही भूमिका आपल्यालाच का दिली, हे मुलाने नंतर मोठ्या खुशीत सांगितले. सर म्हणाले होते म्हणे, की तुझी बोली एकदम अस्सल आहे.

परतताना कोराडीच्या पुढे येईपर्यंत त्याचा बाप गाडीवर मागे गप्प बसून होता. मग हळूच म्हणाला, "साहेब, थे लोकं आपल्यावर हासत होते का जी?"

मी म्हणालो, "नाही जी. कार्यक्रमच गमतीचा होता."

पण तो प्रश्न काही मनातून गेला नाही. म्हणून आज खत-बियाण्यांचा विषय बाजूला ठेवून याबद्दल लिहितो आहे. आपली मुले-मुली आता मोठ्या संख्येने शहरात शिकायला जात आहेत. तिथे त्यांना स्वतःच्या गावाबद्दल काय शिकवले जाते, हा आपलाच प्रश्न आहे.

कार्यक्रम वाईट नाहीत

आधीच स्पष्ट करतो, मी असल्या कार्यक्रमांच्या विरोधात नाही. देशातल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचा पहिला युवा महोत्सव १९५४ साली दिल्लीत झाला. देश नुकताच स्वतंत्र झालेला. एका प्रांताच्या तरुणाला दुसऱ्या प्रांताची भाषा, गाणे, जेवण ठाऊक नाही, ते ठाऊक व्हावे एवढाच त्यामागचा हेतू. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांचा 'इंद्रधनुष्य' महोत्सव २००३ साली सुरू झाला आणि त्यात कृषी विद्यापीठांची मुलेही उतरतात. आपल्या नागपुरात तर १९८६ पासून दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. वेगवेगळ्या राज्यांचे लोककलावंत तिथे येतात. ज्या मुलाने सावनेर आणि नागपूर याच्या पलीकडे काही पाहिले नाही, त्याला तिथे देश दिसतो. हे मोठेच काम आहे.

अडचण येते ती कार्यक्रम नुसत्या कपड्यांवर थांबतो तेव्हा. भाड्याचा फेटा, भाड्याचे धोतर, मोबाईलवर वाजवलेले गाणे आणि दोन मिनिटांत राज्य संपले. तो फेटा बांधणारा माणूस काय पेरतो, काय खातो, कशाने अडतो, हे कोणी विचारत नाही.

एक उदाहरण घ्या. २०१५ साली केंद्र सरकारने 'एक भारत श्रेष्ठ भारत' हा उपक्रम जाहीर केला. त्यात राज्यांच्या जोड्या लावल्या आणि महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लागली. तेव्हापासून महाविद्यालयांत ओडिशाचे कार्यक्रम होतात. ओडिसी नृत्य होते, जगन्नाथाच्या रथाचे चित्र लागते. चांगलेच आहे. पण ओडिशाच्या कोरापूट जिल्ह्यात कमला पुजारी नावाच्या आदिवासी बाई होत्या. त्यांनी देशी भाताचे कितीतरी वाण जपून ठेवले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४ साली त्या वारल्या. आणि आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे होते. त्यांनी आपल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून निवडून एचएमटी हा वाण तयार केला. हातातल्या घड्याळाचे नाव धानाला मिळाले. ते २०१८ साली गेले. दोन राज्यांची जोडीच सांगायची तर या दोघांची गोष्ट एका मंचावर सांगा ना! ओडिशाच्या आणि झाडीपट्टीच्या धानवाल्या शेतकऱ्यांना एकमेकांची ओळख पटायला त्यात एक शब्दही वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

बोलीवर हसले की प्रश्न बंद

आता कोणी म्हणेल, साहेब, थोडी गंमत झाली, हसले चार पोट्टे, त्यात काय एवढे? त्यात काय, ते मी माझ्या कामावरून सांगतो.

विस्ताराच्या कामात पहिला धडा हा, की शेतकरी बोलला पाहिजे. तो बोलला नाही तर त्याच्या शेतात काय चालले आहे ते आपल्याला कळत नाही. आणि तो त्याच्याच बोलीत बोलतो. संत्र्यावर 'कोळशी' आली म्हणतो, झाडाला 'डिंक्या' लागला म्हणतो, मिरचीवर 'चुरडा-मुरडा', कपाशीवर 'लाल्या'. ही नावे कोणत्या प्रयोगशाळेत तयार झालेली नाहीत. पाने-फांद्या कोळसा फासल्यासारख्या काळ्या दिसल्या म्हणून शेतकऱ्याने कोळशी म्हटले. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर ती बुरशी वाढते, हे शास्त्राने सांगितले. आज मराठीतल्या कृषी पुस्तिका काढून पाहा, त्यात हेच शब्द छापलेले असतात. म्हणजे ज्या बोलीवर मंचावर हशा होतो, त्याच बोलीच्या आधाराने कृषीचे शिक्षण चालते.

आणि ज्याच्या बोलण्यावर एकदा हसले, तो दुसऱ्यांदा प्रश्न विचारत नाही. मी कृषी पदविकेला होतो तेव्हा वर्गात उभा राहून 'मले समजलं नाही' म्हणालो आणि पूर्ण वर्ग हसला. त्यानंतर ते वर्ष मी तोंड उघडले नाही. समजले नाही तरी मान हलवत राहिलो. पुढे नोकरीत आल्यावर सभेच्या मागच्या रांगेत मान हलवणारे शेतकरी पाहिले, तेव्हा ती मान मला लगेच ओळखू आली. फवारणीचे प्रमाण समजले नाही आणि लाजेपायी विचारले नाही, तर काय होते हे या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको.

म्हणून म्हणतो, ज्या मुलाच्या बोलीवर संमेलनात टाळ्या पडल्या तो मुलगा पुढच्या सोमवारी वर्गात प्रश्न विचारतो का, ते पाहा. त्याचा बाप पुढच्या वर्षी कॉलेजात येतो का, तेही पाहा.

आता आपलेही माप काढू

इथवर वाचून शेतकरी बंधूंना बरे वाटले असेल. पण आता थोडे आपल्याकडे पाहू.

कृषी महाविद्यालयांची शेवटच्या वर्षाची मुले खरिपात गावात राहायला येतात. त्यांना आपण कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतो. कृषी महाविद्यालयांतल्या काही जागा देशपातळीवरच्या परीक्षेतून भरल्या जातात. त्यामुळे त्यांच्यात बाहेरच्या राज्यांचीही मुले असतात. काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका गावात आलेल्या गटात मणिपूरची एक मुलगी होती. पहिल्या दिवशी पारावर कोणी विचारले, "नेपाळची काय व?" दुसरा म्हणाला, "चीनची दिसते." ती हसली आणि "मणिपूर, इंडिया" म्हणाली. 'इंडिया' हा शब्द तिला जोडून सांगावा लागला, हे आमच्यापैकी कोणालाच खटकले नाही. मलाही नाही. उलट मी तिच्याशी मोडक्या हिंदीत, लहान पोराशी बोलावे तसे एकेक शब्द तोडून बोलत होतो. ती कृषीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मी पदविकावाला.

ही गोष्ट साधी नाही. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात नीडो तानिया या अरुणाचल प्रदेशच्या विद्यार्थ्याच्या केसांवरून, दिसण्यावरून दुकानात टिंगल झाली. त्यातून भांडण झाले, त्याला मारहाण झाली आणि तो पोरगा जीवानिशी गेला. सुरुवात टिंगलीनेच झाली होती. आपल्या गावात असे काही होणार नाही, असे आपण म्हणतो. दिल्लीवालेही तसेच म्हणत असतील.

त्या मणिपूरच्या मुलीने जाण्याआधी बचत गटाच्या बायांना एक गोष्ट करून दाखवली. आपल्याकडे घरोघरी सोयाबीन. पिकवतो, पोत्यात भरतो, बाजार समितीत नेतो, संपले. खाण्याशी संबंध नाही. तिने दोन पायल्या सोयाबीन मागितले तेव्हा बायांना वाटले बियाण्याची उगवण तपासते. तिने ते रात्रभर भिजवले, अगदी मऊ होईपर्यंत शिजवले, गरम पाण्याने धुतले, केळीच्या पानात बांधून टोपलीत ठेवले आणि वरून पोते झाकून उबेला ठेवून दिले. चौथ्या दिवशी उघडले तर दाण्याला तार सुटलेली आणि वास असा, की अर्ध्या बाया उठून बाहेर गेल्या. तिच्याकडे त्याला 'हवाइजार' म्हणतात. नागालँडमध्ये 'अखुनी', सिक्कीममध्ये 'किनेमा' म्हणतात. तिकडे ही रोजची भाजी आहे.

एक म्हातारी मात्र बसून राहिली. मिरची-लसणासोबत परतलेला एक घास खाल्ला आणि म्हणाली, "वास मारते म्हनता, मंग आपली सुकट काय अत्तर लावून येते का व?" सगळ्या हसल्या. मग ती म्हणाली, "इतके वर्सं झाले, पोत्यानं इकून रायलो, पन तोंडात कधी दाना नाही गेला."

आता यातले शास्त्र पाहा. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. पण कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारे घटक असतात. म्हणून ते चांगले शिजवल्याशिवाय खाऊ नये. आंबवल्याने ते पचायला आणखी हलके होते. हे मी कितीतरी सभांत सांगितले असेल, कागद वाटले असतील. कोणी सोयाबीन शिजवले नाही. त्या मुलीने चार दिवसांत चूल पेटवून दाखवले आणि त्या गावातल्या दोन-तीन घरांत निदान उकडलेले सोयाबीन तरी भाजीत पडायला लागले. नेपाळची म्हणून तिला हसून पाठवले असते तर नुकसान कोणाचे होते?

खापरखेड्याला हे नवीन नाही

खरे म्हणजे आपल्या खापरखेड्याला विविधता शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. १९८९ साली सध्याच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आसपास कोळशाच्या खाणी. वीज केंद्र आणि खाणींमुळे छत्तीसगडी, तेलुगू, बिहारी, उत्तर प्रदेशी कुटुंबे इथे आली आणि वसली. त्यांची दुसरी पिढी इथेच शिकली. पण गाव आणि वसाहत यांच्यात अजूनही अंतर आहे. 'त्यायचं त्यायच्याकडं, आपलं आपल्याकडं' असे चालते.

आता हे पाहा. श्रावणी अमावस्येला आपला पोळा. त्याच अमावस्येला छत्तीसगडमध्ये 'पोरा' असतो. ते मातीचे बैल करून पूजतात. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, त्यात लेकरे लाकडाचे बैल घेऊन निघतात. एकाच सणाला आपण लाकडाचा बैल पूजतो, ते मातीचा. पण गावच्या किती लोकांनी वसाहतीत जाऊन तो मातीचा बैल पाहिला? महाविद्यालयाला नाव ठेवण्याआधी हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला.

आपल्या थोरांनी हे आधीच करून ठेवले आहे. ज्यांच्या नावाने आपले कृषी विद्यापीठ आहे, त्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढले. सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत आणि एकत्र जेवत. पुढे देशाचे कृषिमंत्री असताना त्यांनी १९५९-६० साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवून अनेक देशांची शेती आपल्या शेतकऱ्यासमोर आणून ठेवली. आणि १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाला २००५ पासून ज्यांचे नाव आहे, ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९५५ साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानला गेले. जाताना त्यांनी आपली गावची ओळख घरी ठेवली नाही. गावच्या माणसाच्या बोलण्यावर हसणे, हे त्यांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाच्या कोणत्याही मंचावर शोभणारे नाही.

काय करता येईल

नुसती तक्रार करून थांबणे हे विस्तार कार्यकर्त्याचे काम नाही. म्हणून चार गोष्टी सुचवतो.

१) महाविद्यालयांनी संमेलनात गाव दाखवायचे असेल तर गावचा माणूस बोलवावा. आपल्याकडे खडी गंमतीचे शाहीर आहेत, झाडीपट्टीत दंडार करणारे आहेत. त्यांना जाण्या-येण्याचा खर्च आणि मानधन देऊन पंधरा दिवस आधी बोलवा. मुलांना डफ-तुणतुणे त्यांच्याकडून शिकू द्या. कार्यक्रमात त्यांचे नाव घ्या.

२) प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावचे एक पीक, एक पदार्थ आणि बोलीतले दहा शब्द सांगावेत. मणिपूरच्या मुलीनेही सांगावे, काटोलच्या मुलानेही सांगावे. विनोद जरूर करावा, पण ज्याच्यावर विनोद आहे तो बाप मागच्या रांगेत बसलेला असेल, हे धरून करावा.

३) कृषिदूत-कृषिकन्या गावात आल्या की सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत त्यांची ओळख नाव, गाव आणि राज्यासकट करून द्यावी. एक संध्याकाळ त्यांच्या हातचे, त्यांच्या घरच्या धान्याचे जेवण ठेवावे. एक चूल, एक गंज आणि बचत गटाच्या चार बाया, यापलीकडे खर्च नाही. आणि आम्ही अधिकाऱ्यांनी त्यांना फक्त प्रपत्रे भरायला लावू नयेत. तुमच्याकडे हे पीक कसे घेतात, हे विचारून लिहून घ्यावे.

४) खापरखेडा आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी येत्या पोळ्याला वसाहतीतल्या छत्तीसगडी कुटुंबांना तोरणाखाली बोलवावे. तान्ह्या पोळ्याच्या रांगेत एखादा मातीचा बैल आला तर आपल्या लेकरांना तो समजावून सांगावा लागणार नाही. ती लगेच खेळायला घेतील.

कोणी विचारेल, पिकाला भाव नाही, विजेचे वेळापत्रक रात्रीचे, आणि साहेब हे काय घेऊन बसले? बरोबर आहे. पण संत्रेवाल्यांना मी काय सांगू? संत्र्याची कलम आपण जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून करतो. खाली मूळ एकाचे, वर फांदी दुसऱ्याची. जंबेरीला कोणी आंबट म्हणून हिणवत नाही, कारण आपल्या जमिनीत संत्र्याचे झाड उभे ठेवणारी तीच. ही समज आपल्याला बागेत आहे. ती पारावर आणि मंचावर यायला हवी, एवढेच.

आता त्या बापाच्या प्रश्नाबद्दल. "थे लोकं आपल्यावर हासत होते का जी?" असे त्याने विचारले तेव्हा मी नाही म्हणालो. ते खरे नव्हते. ते हसतच होते आणि त्याच्या मुलाला हसवायला लावत होते. ही कबुली मी त्याच्या घरी जाऊन दिली आहे. तो काही बोलला नाही. चहा आणायला सांगितला आणि म्हणाला, "पुढच्या साली कार्यक्रम असन तं सांगजा. मी त्या पोट्ट्यायले नांगर कसा धरते थे दाखवतो."

नागपूरच्या महाविद्यालयांच्या सांस्कृतिक विभागांनी याची नोंद घ्यावी. माणूस तयार आहे. बोलावणे तेवढे राहिले आहे.